हार्नशॉच्या वळशाची वाट

हार्नशॉ टेकडीवरची पायवाट माथ्यावर जातच नाही. उत्तर इंग्लंडच्या त्या मेंढपाळी मुलखात ऑल्डरबी गावातून ती निघते, बेताचा चढ चढते, आणि अर्ध्या उंचीवर पोहोचली की आडवी होऊन टेकडीला पुरता वळसा घालते. दुपारपर्यंत माणूस निघाल्या जागी परत येतो. माथा सगळा वेळ डोक्यावर दिसत राहतो. नवखे फिरस्ते विचारतात, वर का नाही जायचं? मग गावातले विल्फ्रेड आजोबा कुंपणाला टेकतात आणि सांगू लागतात. आपल्या आजीकडून ऐकलं तसंच सांगतात.

फार जुनी गोष्ट. टेकडीच्या अलीकडे ऑल्डरबी, पलीकडे थॉर्नफोल्ड. दोन्ही गावांची मेंढरं हार्नशॉवर चरायची आणि त्या चराईपायी दोन्ही गावांचं हाडवैर. हद्द म्हणून दोन्ही अंगांच्या उतारांवर माथ्यापासून पायथ्यापर्यंत छातीएवढी दगडी भिंत घातलेली. या गावच्या माणसानं त्या गावच्या माणसाचं नावसुद्धा घ्यायचं नाही, अशी रीत होती म्हणे.

ऑल्डरबीत हेस्टर पिम नावाची विधवा राहायची. थोडी मेंढरं आणि लेटिस ही एकुलती एक लेक, एवढाच तिचा संसार. वसंतात गाभण मेंढ्या खाली आणायच्या दिवशी लेटिस इतरांबरोबर वर गेली. पलीकडून थॉर्नफोल्डची माणसंही चढली होती. न्याहारी आटोपते न आटोपते तोच धुकं उतरलं. असं दाट, की हेस्टरला दारातून आपली विहीर दिसेना.

हार्नशॉवर धुकं म्हणजे जिवाशी गाठ. माथ्याजवळ दगडाची जुनी खाण, पायथ्याला दलदल. भिंत धरून उतरावं, तर ती थेट दलदलीत नेऊन घालायची. गावातले पुरुष कंदील घेऊन माथ्याकडे निघाले, तेव्हा हेस्टर त्यांच्या आडवी आली.

"वर जाल तर तुम्हीही हरवाल," ती म्हणाली. "उतरणाऱ्याला कुठूनही उतरू दे, मधे आपला आवाज लागला पाहिजे. मी टेकडीभोवती फिरते. तुम्ही दलदलीच्या काठाला उभे राहा."

"आणि भिंत आली की?" कुणीतरी विचारलं.

"भिंत आली की बघू."

ती अर्ध्या उंचीवर चढली आणि लेकीचं नाव घेत आडवी चालू लागली. गवत गुडघाभर होतं. मुद्दाम पाय घासत, गवत तुडवत ती चालली. हाक नुसती ऐकू येऊन भागणार नव्हतं, वाट पायाला लागायला हवी होती. लेटिसचं नाव घेता घेता घशाला कोरड पडली. आपली पोर आता कुठल्या कड्याशी उभी असेल, हा विचार आला की ती पाऊल आणखी जोरात टाकायची.

भिंत आली. पलीकडे कुणीतरी खोकलं. तो जेबेझ क्रोल होता, थॉर्नफोल्डचा म्होरक्या.

"बाई, इथून पुढे आमची हद्द आहे," तो म्हणाला.

"तुमचं कोण आहे वर?"

जेबेझ म्हणाला, "भाऊ आहे. धाकटा."

"मग नाव सांगा त्याचं. त्यालाही हाक मारते."

असं सांगतात, की त्यावर जेबेझ पुढे झाला. त्यानं भिंतीचा वरचा दगड उचलून बाजूला टाकला. मग दुसरा. हेस्टर अलीकडून दगड काढू लागली. माणूस जाईल एवढं खिंडार पडलं तेव्हा तो म्हणाला, "सायलस. सायलस क्रोल."

पलीकडच्या अंगाची भिंतही त्यांनी तशीच फोडली. मग दोघं चालत राहिले. एक टेकडीच्या या बाजूला असला की दुसरा त्या बाजूला. तिनं त्याच्या गावची नावं पुकारली, त्यानं तिच्या गावची. गवत दबून वाट उमटली आणि तिच्यावर एकेक माणूस उतरू लागलं. जो उतरे तो वाट धरून घरी जाई.

लेटिस आली ती दुपार कलताना, हात खरचटलेले, ओलीचिंब. हेस्टरनं तिला छातीशी धरलं.

"आई, मला एका माणसानं आणलं," लेटिस म्हणाली. "तुझा आवाज येतो तिथपर्यंत हात धरून आणलं आणि म्हणाला, आता सरळ खाली जा. वर एक म्हातारा पाय मुरगळून बसलाय, त्याला घेऊन येतो म्हणाला. मी नावही नाही विचारलं."

थोड्या वेळानं म्हातारा खुरडत उतरला. तो ऑल्डरबीचाच होता. आपल्याला उताराला लावून तो माणूस राहिलेल्यांना शोधायला पुन्हा वर गेला, एवढं त्यानं सांगितलं. त्याच्यामागे कुणी आलं नाही.

एव्हाना एकटा सायलसच उतरायचा राहिला होता; तो माणूस कोण, हे जेबेझला सांगावं लागलं नाही. हेस्टरलाही नाही. लेकीला तिनं घरी पाठवलं आणि स्वतः पुन्हा वाटेला लागली. ऑल्डरबीची सगळी माणसं परतली होती. तरी दुसऱ्या दिवशी धुकं फाटेपर्यंत ती जेबेझबरोबर फिरत होती, आवाज बसला तरी एकच नाव घेत होती. सायलसचा देह खाणीच्या तळाशी सापडला. त्याला खांद्यावर घेऊन दोन्ही गावांची माणसं त्याच वाटेनं उतरली.

भिंतीतली खिंडारं पुन्हा कुणी बुजवली नाहीत. चराई तेव्हापासून सामाईक झाली.

आजही हार्नशॉवर धुकं उतरलं, की ज्याच्या दारात ते आधी पोहोचतं तो हातातलं काम टाकून वळशाला निघतो. टेकडीवर कुणी आहे का, हे तो विचारत बसत नाही. पहिली हाक तो सायलसला मारतो, आणि क्षणभर थांबून मग बाकीच्यांना.