येसाक्काचे घोंगडे

माणदेशातल्या कुरणवाडीच्या माळावर जोतगिरी महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे काय, तर दगडमातीची एक ओवरी, दारात लिंबाचे झाड आणि मेंढपाळांच्या मुलांसाठी महाराजांनी चालवलेली शाळा. आईबाप मेंढरे घेऊन रानोमाळ हिंडत आणि मुले महाराजांपाशी राहून अक्षरे गिरवीत. त्यांच्या भाकऱ्या महाराज स्वतः थापत. एखादी वाकडी झाली की हसून म्हणत, "खा रे, पोटात गेल्यावर गोलच होते!" असा तो प्रेमळ पुरुष!

गावात घोंगडी विणणाऱ्या सणगरांची वस्ती होती. त्यातल्या येसाक्का नावाच्या विधवेची महाराजांवर फार श्रद्धा. दर माघात ती चिंचोक्याची खळ देऊन कडक केलेले एक नवे घोंगडे मठात घेऊन येई आणि हळूच विचारी, "म्हाराज, औंदा कुनाला थंडी वाजतीया?" महाराज ज्या मुलाचे नाव सांगत, त्याच्या अंथरुणावर ते घोंगडे घालून ती निघून जाई. कुणी दिले, हे त्या मुलालासुद्धा कळत नसे.

तालुक्याच्या पेठेतले माणकशेठ मात्र दान करीत ते वाजतगाजत. माणूस वाईट नव्हता हो! हात चांगला सढळ होता. पण देऊन झाल्यावर चारचौघांनी वाहवा केली नाही, तर त्यांना जेवण गोड लागत नसे. गेली काही वर्षे ते थंडीत गिरणीची लाल ब्लँकेटे गाड्यांत भरून आणीत आणि कुरणवाडीत घरोघरच्या माणसांना वाटीत. माळावर मांडव पडे, ताशा वाजे. घेणाऱ्याने चौथऱ्यावर चढून शेठजींच्या पाया पडायचे आणि मगच ब्लँकेट घ्यायचे, असा तिथला रिवाज. कुणी घाईने नमस्कार केला, तर शेठजींचा माणूस त्याला पुन्हा वाकायला लावी. यंदा तर त्यांनी मठात निरोप धाडला, की शाळेच्या मुलांनी शेठजींच्या गौरवाचे गाणे पाठ करून ठेवावे.

त्याच सुमारास येसाक्का रडवेली होऊन मठात आली.

"म्हाराज, माझा माग बंद पडला. फुकट मिळतंय म्हटल्यावर घोंगडं कोन घेतंय? समदी सणगर मानसं घाटाखाली मजुरीला निघाली. मलाबी जावं लागंल. ह्ये शेवटचं घोंगडं. माग माझ्या गेलेल्या मालकांच्या हातचा हाय. चुलीत घालायचा म्हटलं तर हात उचलंना."

महाराजांनी त्या घोंगड्यावरून मायेने हात फिरवला. "माग मोडू नकोस, येसाक्का," महाराज म्हणाले. "वाटपाच्या दिवशी हे घेऊन माळावर ये. माझी मुलंही येतील."

वाटपाच्या दिवशी दुपारी सगळा गाव मांडवात लोटला. महाराजही मुलांना घेऊन आले. लाल ब्लँकेटांचा ढीग लागला होता. घोंगडे छातीशी धरून येसाक्का एका कडेला महाराजांजवळ उभी राहिली, तर शेठजींची नजर नेमकी तिच्यावर गेली.

"महाराज, हे काळं, टोचरं पोतं कशाला मागवलंत?" शेठजी हसले. "म्हातारीलाही देतो की एक ब्लँकेट. पण आधी नमस्कार हं!"

सारा मांडव हसला. येसाक्काने मान खाली घातली.

महाराज शांतपणे म्हणाले, "शेठजी, लोकांना काय हवं, ते कधी विचारलंत?"

"घेणाऱ्याला काय विचारायचं? देऊ ते घ्यावं आणि दुवा द्यावा! बरं, मुलांचं गाणं बसलं ना?"

"नाही. त्यांचे पाढे चालले होते."

शेठजींचा चेहरा पडला. ते काही बोलणार, तोच आभाळ काळे झाले, वारा सुटला आणि लिंबाएवढ्या गारा तडतडू लागल्या! पहिल्याच झोडप्यात मांडव आडवा झाला. मठ माळाच्या पार दुसऱ्या टोकाला आणि इथे आडोसा म्हणून कुठे नाही. लोकांनी ब्लँकेटे डोक्यावर ओढली, पण ती पाणी पिऊन जड झाली. पोरेबाळे रडू लागली.

"येसाक्का, घोंगडं उघड!" महाराजांनी हाक दिली. "मुलांनो, कडा धरा!"

आणि काय आश्चर्य सांगावे! मुले कडा धरून मागे सरत गेली, तसतसे घोंगडे पसरत गेले. मुले आत आली, बायका आल्या, म्हातारी माणसे आली, मेंढपाळ कोकरे काखेत मारून आले. तरी पलीकडून कुणी ओरडतच होते, "हिकडं अजून जागा हाय!" वर गारा आदळत होत्या आणि आत पाण्याचा थेंब नव्हता.

एकटे शेठजी चौथऱ्यावर राहिले. पागोटे वाऱ्याने उडाले होते, गारांचा मार बसत होता, पण ज्याला पोते म्हटले त्याखाली कोणत्या तोंडाने जायचे? येसाक्काने ते पाहिले. ती गारांतून धावत गेली.

"शेठ, आत येता न्हवं?"

"माझ्यासाठी... जागा आहे?"

"हाय की! जरा वाका मातुर. पोरांनी धरलंय त्ये."

शेठजी वाकले आणि आत शिरले. एक मेंढपाळ सरकून बसला. येसाक्काने पदराने त्यांचे डोके पुसले. त्यांच्याकडून कुणाला काही नको होते, नमस्कारसुद्धा! शेठजींना हुंदका आवरेना.

आभाळ निवळले. मुलांनी घोंगडे घडी केले, तर ते होते तेवढेच, दोन पोरांपुरते आणि अगदी कोरडे!

"महाराज, मी चुकलो. काय करू सांगा," शेठजी म्हणाले.

"मला नका विचारू. त्यांना विचारा."

शेठजी लोकांकडे वळले. "काय हवंय तुम्हाला?" हा प्रश्न आजवर कुणी केलाच नव्हता, जो तो एकमेकांकडे बघू लागला. शेवटी एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला, "आमची लोकर घ्या, सणगरास्नी द्या. त्येंची घोंगडी तुमच्या पेठंत इका. आन् पोरांच्या शाळंवर पत्रं घाला, लई गळती."

"घालतो! आणि वर माझ्या नावाची पाटी..." म्हणता म्हणता शेठजींनी जीभ चावली. सारा माळ खळखळून हसला, आणि शेठजीही हसले.

मग ते महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला झुकले. महाराजांनी पाय मागे घेतले आणि येसाक्काकडे बोट दाखवले. शेठजी तिच्यापुढे वाकले, तशी ती बिचारी लाजून दोन पावले मागे सरली.

"आता कशाला ओ, शेठ? मघाशी आत येताना वाकला न्हवं, त्योच नमस्कार पोचला."

महाराजांचे डोळे भरून आले. त्या संध्याकाळी कुरणवाडीत येसाक्काचा माग पुन्हा वाजू लागला. देणाऱ्या प्रत्येक हाताला महाराजांनी अशीच विचारण्याची बुद्धी द्यावी!