हलवाईणीच्या भिंतीवरचे ठिपके

एका खोल दरीच्या काठावर एक गाव होतं आणि त्या गावात एक हलवाईण होती. तिच्या जिलबीचा वास पार पलीकडच्या काठावर जायचा. प्रत्येक घाण्याची चव बघितल्याशिवाय जिलबी गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा तिचा नियम. दिवसाला वीस घाणे निघायचे. चाळिशी उलटली तरी तो नियम काही मोडला नाही. बसायचा पाट मात्र दोनदा मोडला.

दरीच्या पलीकडच्या गावात तिची लेक कस्तुरा दिली होती. मधला पूल पुरात वाहून गेला होता. तेव्हापासून दोराला टांगलेल्या वेताच्या टोपल्यात बसून लोक ये-जा करायचे. खाली नदी, दोन्हीकडे उभे कडे, दुसरी वाटच नाही. टोपलेवाला मोठा काटेकोर माणूस. त्याचे दोन नियम होते. पोटुशी बाई टोपल्यात बसवायची नाही, आणि दोन मणांच्या वरचं कुणीच बसवायचं नाही.

एक दिवस जावई टोपल्यातून आला.

"सासूबाई, कस्तुराला चौथा महिना लागलाय. माहेरी येता येत नाही म्हणून सारखी रडते. म्हणते, आईला सांगा तूच ये. बाळंतपणाला मला तुझेच हात हवेत."

"येणार म्हणजे काय, येणारच!" हलवाईण म्हणाली. जावयाची पाठ वळली आणि तिला दोन मण आठवले.

समोरच मिठवालीचं दुकान होतं. तिथे मिठाची पोती तोलायची मोठी तागडी आढ्याला टांगलेली होती. हलवाईण एका पारड्यात बसली. मिठवाली दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत राहिली.

"झालं का गं?" हलवाईणीने विचारलं.

"दम धर. माझ्याकडची वजनं संपलीत. शेजारून आणते."

हलवाईण भरली दोन मण आणि वर सहा शेर.

"सहा शेर उतरवायचे आहेत. पाच महिने आहेत हातात," मिठवाली म्हणाली.

"पाच महिने कशाला? पंधरा दिवसांत उतरवते की नाही बघ!"

हलवाईणीने दुकानाच्या भिंतीवर गेरूने एक आडवी रेघ मारली. ती दोन मणांची रेघ. तिच्या वर सहा बोटं मोजून पहिला ठिपका काढला. एका शेराला एक बोट. रोज सकाळी उठलं की समोर जाऊन तोलायचं आणि भिंतीवर आदल्या ठिपक्याच्या बाजूला पुढचा ठिपका द्यायचा, असं ठरलं.

आता ती घाण्यातला एक कणच जिभेवर ठेवायची. दोन भाकऱ्यांच्या जागी दीड भाकरी खायची आणि भाजी वाटीभर जास्त घ्यायची. पाच दिवसांत दोन शेर उतरले! हलवाईणीने अख्ख्या आळीला पेढे वाटले. आपण स्वतः एकही खाल्ला नाही, हे प्रत्येक घरी थांबून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात आळीत पापड होते. तिथे तिने चार लाट्या खाल्ल्या आणि त्याच्या बदल्यात जेवणातली भाकरी सोडली. हिशेब चोख. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पारडं दीड शेराने खाली गेलं.

"तुझी तागडी बिघडली!" हलवाईण ओरडली.

"तागडी नाही बिघडली. तुझं तोंड तेवढं बिघडलंय."

हलवाईणीने दुकानातली आपली वजनं आणली. तेवढंच भरलं. बांगड्या काढल्या, अंबाड्यातला आकडा काढला. तरी तेवढंच.

मग तिला आला राग. दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी कढईसमोर भोवळ आली, घाणा करपला, आणि शुद्धीवर आल्यावर तो करपलेला घाणा तिने उभ्याउभ्या एकटीने संपवला. पुढच्या सकाळचा ठिपका जवळजवळ पहिल्या दिवसाच्या ठिपक्याला जाऊन टेकला.

हलवाईणीने ओलं फडकं घेतलं आणि ती भिंत पुसायला उभी राहिली.

"काय करतेस?" मिठवाली रस्ता ओलांडून आली.

"मला नाही जमायचं. माझ्या हाडातच जिलबी आहे. कस्तुराला निरोप धाडते, की तुझी आई येत नाही म्हणून."

मिठवालीने तिचा हात धरून तिला फडक्यासकट आपल्या दुकानात नेलं. दरीतून धुकं वर आलं होतं. तिने एक उघडं पोतं पारड्यात टाकलं.

"हे काल दुपारी बरोबर एक मण होतं, तूच बघितलंस. आता किती आहे?"

"एक मण दीड शेर."

"मग रात्रीतून मी त्यात मीठ घातलं का?"

"तुझा काय भरवसा."

"अगं बाई, धुकं प्यालंय ते! दुपारी ऊन लागलं की सोडून देईल. मीठ पाणी धरून ठेवतं. पोत्यात असो नाहीतर पोटात असो. चार लाट्या खाल्ल्यास, त्यात पापडखार किती होता?"

हलवाईणीने बोटांवर लाट्या मोजल्या. मग हळूच म्हणाली, "आणि पहिले दोन शेर गं?"

"तेही बरंचसं पाणीच. पेढे उगाच वाटलेस."

"म्हणजे मी उतरलेच नाही?"

"उतरलीस, पण थोडी. अंगावरची चरबी पाण्यासारखी पळत नाही, सावकाश जाते. आम्ही मीठवाले एका सकाळचं वजन कधी खरं धरत नाही. रोज तोलतो आणि महिन्याने मागच्या महिन्याशी ताडून बघतो. आणि पुन्हा उपाशी राहिलीस तर तागडीला हात लावू देणार नाही!"

हलवाईण दुकानात परत आली. हातात फडकं होतं. पलीकडच्या काठावर लेकीच्या घरचा धूर दिसत होता. तिने फडकं पिळलं आणि त्याने कढईचा काठ पुसला. भिंतीला हात लावला नाही. दुपारी दीड भाकरी खाल्ली, ना जास्त ना कमी. दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर जाऊन पारड्यात बसली.

ठिपके बेडकासारखे उड्या मारत राहिले. आज खाली, उद्या वर, परवा तिथेच. गिऱ्हाइकं विचारायची, "हलवाईणबाई, भिंतीला गोवर आलाय का?" ती हसायची आणि घाण्यातला एक कण जिभेवर ठेवायची.

दोन महिन्यांनी मिठवालीने समोरून हाक मारली, "इकडे ये गं. माझ्या ओट्यावर उभी राहा आणि तिथून बघ."

हलवाईणीने बघितलं. जवळून उड्या मारणारे ठिपके लांबून घराच्या छपरासारखे दिसत होते. एका बाजूला उंच आणि तिथून हळूहळू उतरत गेलेले.

चौथ्या महिन्याच्या शेवटी ठिपके दोन मणांच्या रेघेला लागले. "झालं!" हलवाईण म्हणाली आणि जिलबीकडे वळली.

"झालं नाही," मिठवाली म्हणाली. "आणखी दोन-अडीच शेर उतर. पोतं काही सांगून ओलं होत नाही. ऐन निघायच्या दिवशीच पारडं खाली गेलं तर?"

हलवाईणीने तोंड वेंगाडलं, पण ऐकलं.

आणि एका सकाळी पलीकडच्या उंबरावर पिवळं लुगडं फडकलं. कस्तुराला कळा सुरू झाल्याची ती खूण होती. लुगडं ठरल्यापेक्षा दहा दिवस आधी आलं होतं. नेमकं आदल्याच दिवशी आळीत लोणचं घातलं होतं आणि हलवाईणीने चवीला म्हणून बऱ्याच फोडी चाखल्या होत्या. पारडं दीड शेराने खाली गेलं. पण हलवाईण घाबरली नाही. दीड शेर चढूनही ती रेघेच्या एक शेर खालीच होती.

डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन ती टोपल्यापाशी पोचली. टोपलेवाल्याने डब्यासकट तोललं.

"अर्धा शेर जास्त. लाडू ठेवा, हलवाईणबाई."

"बाळंतिणीचे लाडू ठेवू? शुद्धीत आहात ना?" तिने पायातल्या जाड कातडी वहाणा काढून त्याच्या हातात दिल्या. "आता तोला."

काटा बरोबर दोन मणांवर आला. हलवाईण अनवाणी टोपल्यात बसली आणि दरीवरून निघाली. दोर कुरकुरला, पण टिकला. संध्याकाळी हलवाईणीच्या हातांवर नात आली.

चौथ्या दिवशी सुईणीने बाळ तोललं. जन्मताना तीन शेर होतं, आता पावणेतीन भरलं. कस्तुरा रडायलाच लागली. "आई, माझं दूध पुरत नाही गं. मला नाही जमायचं हे."

हलवाईणीने सुईणीकडे बघितलं.

"बाळ नीट ओढतंय, दुपटी भिजवतंय," सुईण म्हणाली. "पहिल्या दिवसांत सगळीच थोडी उतरतात, मग भरतात. मी रोज येऊन बघीन."

हलवाईणीने लेकीचे डोळे पदराने पुसले आणि दाराकडे हाक मारली.

"जावईबापू, घरात गेरू आहे का हो थोडा?"

तात्पर्य: एका सकाळच्या ठिपक्यावर रडू नये आणि पेढेही वाटू नयेत. रोजचा नेम न सोडता पुढचा ठिपका द्यावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी समोरच्या ओट्यावर उभं राहून भिंत बघावी.