उतारावरचा हिरवा दगड

ऐका बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही ऐका. फार जुन्या काळची गोष्ट. एका राजाला दगडांचा भारी नाद होता. कुणाला हत्तीघोड्यांचा असतो, ह्याला दगडांचा! राजवाड्यातलं एक अख्खं दालन त्यानं दगडांनी भरलं होतं. प्रत्येक दगडाखाली तो कुठल्या डोंगरातला, ते लिहिलेलं.

तो डोंगर शोधायचं काम एका म्हाताऱ्या पारख्याचं. त्याच्या घराण्याची रीत कडक होती. दगड हातात आला की चालत निघायचं, मूळ खडक गाठायचा, त्याचा टवका काढून दगडाशी ताडून बघायचा. तोवर चकार शब्द बोलायचा नाही.

चाळीस वर्षं त्यानं हेच केलं. आता गुडघे कुरकुरत होते. वीस कोस तुडवून घरी यावं, जरा अंग टाकावं, तर शिपाई नवा दगड घेऊन दारात हजर! पुरता थकला होता हो बिचारा. पूर्वी दगड बघून त्याला आनंद व्हायचा, आता नकोसं व्हायचं.

एके दिवशी राजानं एक हिरवा दगड पुढे केला. "नदीच्या उतारावर, लोक पायी नदी ओलांडतात तिथं, सापडला. कुठला असेल हा?"

पारख्यानं तो हातात फिरवला. कडा बोटाला टोचल्या. पण त्याच्या डोळ्यांपुढे वाटच उभी राहिली, तिची चढण, तिचे काटे.

"नदीत सापडला म्हणजे वरून आला, महाराज. उगमाजवळच्या काळ्या डोंगराच्या पोटातला."

"बघून आलात?"

"चाळीस वर्षं बघतोच आहे. आता काय बघायचं राहिलंय?"

त्याचा शब्द कधी खोटा ठरला नव्हता. तसे आणखी दगड काढायला राजानं दोनशे माणसं पहारी घेऊन डोंगरावर धाडली. पारखी घरी जाऊन झोपला, कितीतरी दिवसांनी गाढ झोपला.

आठव्या दिवशी त्याची लेक साळू धापा टाकत आली. तिचं सासर त्याच डोंगराच्या पायथ्याशी.

"आबा, डोंगर फोडताहेत! आमचा झरा निम्म्यावर आलाय. सगळं गाव त्या एका झऱ्यावर जगतं. हिरवा दगड खरंच आहे ना तिथं?"

पारखी उठला. काठी घेऊन तिच्याबरोबर निघाला. उतारावर पोचेतो दम लागला, म्हणून टेकला. शेजारीच हिरव्या दगडांचा ढीग! एक मीठवाला बैलाला पाणी पाजत होता.

"हे धोंडे कुठले रे बाबा?"

"आमच्या समुद्राकडचे, आजोबा. मिठाची एकच गोणी असली की बैल कलतो. मग दुसऱ्या अंगाला धोंडे बांधायचे. इथं धान्य मिळालं की धोंडे टाकतो आणि धान्य भरतो."

म्हाताऱ्याला त्या टोचलेल्या कडा आठवल्या. नदीनं लांबून आणलेला दगड गोटा होऊन येतो, हे तर शेंबडं पोरही सांगेल! त्यानं कपाळावर हात मारला.

तो तसाच मागे फिरला आणि राजाच्या पाया पडला. राजानं लगेच काम थांबवलं. पण हुकूम डोंगरावर पोचला तेव्हा झरा आटला होता. पाण्यानं आत कुठेतरी दुसरी वाट धरली, ती कुणालाच सापडली नाही.

पंधरा दिवसांनी ते गाव उठलं. डोक्यावर बोचकी घेऊन माणसं पारख्याच्या दारावरून गेली. साळू थांबली. तांब्याभर पाणी मागितलं, प्यायली, आणि "येते आबा" एवढंच म्हणाली. एकदा रागवली असती तर बरं, असं त्याला वाटलं.

म्हणून सांगतो बाळांनो, थकलात तर "आता जमत नाही" म्हणा, पण न पाहिलेलं पाहिल्यासारखं सांगू नका.