वाळूत सोडलेली हवा

एकदा एका निवृत्त अध्यापकांनी आपल्या जुन्या विद्यार्थिनीला वाळवंटात एका रात्रीच्या मुक्कामाला बोलावले. आयुष्यभर त्यांनी नीतिशास्त्र शिकवले होते. निवृत्तीनंतर दर हिवाळ्यात ते आपली जुनी जीप काढत, वाळूच्या टेकड्यांमध्ये एक रात्र राहत आणि परत येत. कुणी कारण विचारले तर म्हणत, "कान स्वच्छ होतात."

विद्यार्थिनी आता तीन वर्षांच्या मुलीची आई झाली होती. मूल झाल्यापासून केवळ स्वतःसाठी घेतलेला हा तिचा पहिला निर्णय होता, आणि घेतल्या क्षणापासून तो चुकला असे तिला वाटत होते. म्हणून तिने सामान तसे भरले. थर्मामीटर, दोन चवींचे तापाचे औषध, मऊ भाताचा डबा, कानटोप्या, आणि पिण्याच्या पाण्याचे मोठाले कॅन. सरांची नजर आताशा दूरवर नीट पोचत नसे, त्यामुळे जीप तीच चालवत होती. वाटेत प्रत्येक पेट्रोलपंपावर ती चाकांतली हवा तपासून घेई. सर हसत. ती म्हणे, "हसा तुम्ही. रस्त्यात चाक बसलं तर लेकराला घेऊन मी कुठे उभी राहू?"

डांबरी रस्ता जिथे संपत होता तिथे एका व्यापाऱ्याचे दुकान होते. तंबू, गाद्या, रजया आणि पाणी तो मुक्कामाच्या जागी स्वतःच्या गाडीने पोचवत असे. जीपमधले कॅन पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"हे काय, ताई? पाहुण्यानं पाणी घेऊन यायचं, मग आमची अब्रू ती काय राहिली? उतरवा इथंच. उद्या जाताना घेऊन जा."

तिचे मन नको म्हणत होते. पण हल्ली तिचे मन सगळ्यालाच नको म्हणत असे, त्यामुळे त्याचे किती ऐकावे याचा तिला भरवसा उरला नव्हता. तिने कॅन उतरवले. मुलीची एक बाटली तेवढी आसनाखाली राहू दिली.

पुढे खडबडीत वाटेने मुलीला उलट्या सुरू झाल्या. आई तिला घेऊन मागे बसली आणि जीप सरांनी हाती घेतली. वाळू सुरू झाली तिथे ते उतरले, चाकांपाशी काही वेळ बसले आणि परत चढले. आईने तिकडे पाहिले नाही. तिच्या मांडीवर मुलीचे डोके होते आणि हातात पिशवी.

मुक्कामाला पोचेपर्यंत उन्हे उतरली होती. तंबू उभा होता. त्यांच्या आधीच येऊन पोचलेला व्यापारी पाण्याचे कॅन उघडून तंबूपुढच्या वाळूवर पाणी ओतत होता. एक झाला, दुसरा झाला. आई जीपमधून उतरून थेट त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"हे प्यायचं पाणी आहे ना?"

"होतं," तो म्हणाला. "दुकानावर नवा फलक लावायचाय, त्यासाठी फोटो काढतो. ओल्या वाळूवर तंबू कसा उठून दिसतो, बघा."

"आणि आम्ही काय प्यायचं?"

"रात्रीपुरतं आहे की तांब्यात. सकाळी उजाडताना चहा आणि ताजं पाणी घेऊन हजर होतो. तुम्ही जरा मोकळ्या व्हा, ताई. वाळवंटात आलात."

"माझी मुलगी आजारी आहे."

"आमची पोरं इथंच लोळून मोठी झाली. शहरातल्या आया फार विचार करतात."

तिने सरांकडे पाहिले. सर रजईच्या घड्या उलगडत होते. ते एवढेच म्हणाले, "सकाळी पाणी वेळेवर आणा म्हणजे झालं." तिला वाटले, तीस वर्षे नीती शिकवणाऱ्या माणसाला एवढेच सुचावे? व्यापाऱ्याने फोटो काढला, जाताना जीपच्या चाकावर सहज थाप मारली आणि आपली गाडी घेऊन निघून गेला.

रात्र कशी गेली ते तिला नेमके ठाऊक होते, कारण ती जागीच होती. मुलगी दोनदा पाणी मागून उठली आणि तांब्या रिकामा झाला. अंधारात पडल्या पडल्या ती व्यापाऱ्याला उत्तरे देत राहिली. संध्याकाळी न सुचलेली वाक्ये आता एकामागून एक धारदार होऊन येत होती. काही वाक्ये तो बोललाच नव्हता, तीही तिने त्याच्या तोंडी घातली आणि त्यांनाही उत्तरे दिली.

उजाडले. चहा आला नाही, पाणी आले नाही. सूर्य टेकडीच्या वर आला तरी वाटेवर कुणी दिसेना. फोनला रेंज नव्हती. मुलगी आता जरा बरी होती. सर तिला कडेवर घेऊन वाळूवरची किड्यांची पावले दाखवायला टेकडीपलीकडे गेले. आई सामान जीपमध्ये टाकू लागली आणि तिची नजर चाकांवर गेली.

चाके बसली होती. एक नव्हे, चारही.

एक चाक आपोआप बसते. चारही आपोआप बसत नाहीत. तिला कालची ती थाप आठवली. मी बोलले म्हणून त्याने हे केले. आजारी मुलीला घेऊन आलेल्या बाईच्या गाडीची हवा सोडून हा माणूस घरी जाऊन निवांत झोपला. मागच्या खणातून तिने पायाने मारायचा पंप काढला आणि भरायला लागली.

फार विचार करतात, हो? पायाचा एक दाब. मोकळ्या व्हा, काय? आणखी एक. फलकाचा फोटो. आणखी एक. मधूनच एखादा दाब सरांच्या नावाचा, त्या रजईच्या घड्यांसाठी. आणि एक स्वतःच्या नावाचा, कॅन उतरवल्याबद्दल. चारही चाके दगडासारखी टणक झाली तेव्हा तिला रात्रीपासून प्रथमच बरे वाटले.

सर आले. तिने विचारायलाही अवसर दिला नाही. "बसा, सर. पाणी येत नाहीये. आपण निघतोय, मीच चालवते."

मुलीला मांडीवर घेऊन सर बसले. जीप निघाली आणि पहिल्याच चढणीला रुतली. तिने जोर दिला. चाके जागच्या जागी फिरली, वाळूची कारंजी मागे उडाली. तिने दात-ओठ खाऊन आणखी जोर दिला. जीप पुढे गेली नाही, खाली गेली. हळूहळू पोटावर टेकली.

"थांब," सर म्हणाले.

"नाही थांबणार. ऊन चढतंय. बाटलीत अर्धंच पाणी आहे."

"म्हणूनच थांब."

तिने इंजिन बंद केले. सर उतरले, एका चाकापाशी वाकले आणि त्यांनी अंगठ्याने ते दाबून पाहिले.

"हवा कुणी भरली?"

"मी. त्यानं रात्री सोडून ठेवली होती."

"कुणी?"

"त्या तुमच्या व्यापाऱ्यानं. काल मी तोंडावर बोलले, त्याचा राग काढला त्यानं."

सर सरळ उभे राहिले. "हवा मी सोडली होती," ते म्हणाले. "वाळू लागली तेव्हा. आता तू भरलेली परत सोड."

वाळूत रुतलेल्या गाडीच्या चाकांतून हवा काढायची, हे ऐकून क्षणभर तिला वाटले की सरांना ऊन लागले. आणि मग जे आले ते रात्रीच्या कुठल्याही वाक्यापेक्षा धारदार होते.

"मग सांगितलं का नाहीत? वर्गात प्रश्न टाकून तुम्ही तासभर गप्प बसायचात, आम्हाला ते फार थोर वाटायचं. हा वर्ग नाहीये, सर. इथे माझं मूल आहे. मला कळावं म्हणून तुम्ही मला रुतू देणार असाल तर नको मला ते ज्ञान. काल तो पाणी ओतत होता तेव्हाही तुम्ही गप्प. शहाण्या माणसानं गप्प बसायचं आणि बाकीच्यांनी त्याचा अर्थ लावत बसायचं, हे कुठल्या नीतिशास्त्रात आलंय?"

तिचे संपल्यावर सर म्हणाले, "कुठल्याच नाही. काल पोर ओकत होती, माझं सगळं लक्ष तिच्याकडे होतं. तुला सांगायचं राहून गेलं. विसरलो, बस्स. त्यात धडा शोधू नकोस."

ती चाकापाशी बसली. सरांनी दाखवले तशी तिने हवा भरायच्या तोंडावरची टोपी काढून काडीने आतले टोक दाबले. हवा फुसकारत बाहेर पडू लागली. टोप्या मुलीने आपल्या फ्रॉकच्या ओच्यात घेतल्या.

"आजोबा, गाडी रागावली?" तिने विचारले.

"हो. आणि कारण खरं आहे तिचं," सर म्हणाले. मग हाताने चाकापुढची वाळू उपसत ते आईशी बोलू लागले. "टणक चाक वाळूवर टाचेसारखं टेकतं. जोर लावशील तेवढं खोल जातं. सैल केलं की तळव्यासारखं पसरतं आणि भार पेलतं. त्यानं पाणी ओतलं, ते तू डोळ्यांनी पाहिलंस. सकाळी आणलं नाही, तेही खरं. तेवढा राग तुझा हक्काचा आहे. पण रात्रभर तू त्यात न पाहिलेलंही भरत गेलीस. तेवढं सोड, नाहीतर खरं आहे तेही त्याच्याबरोबर रुतेल. दुकानात जाऊन तू म्हणाली असतीस, हवा सोडलीस. तो म्हणाला असता, नाही सोडली. आणि त्याचंच खरं ठरलं असतं. मग पाण्याचं कोण ऐकणार होतं?"

फुसकारणे चालूच होते.

"म्हणजे मी त्याला क्षमा करायची," शेवटी ती म्हणाली. "हेच ना? शेवटी सगळं इथेच येतं."

"असं मी म्हणालो?" सर प्रथमच जरा चिडले. "पुढे डांबर लागेल. त्यावर हे सैल चाक नेलंस तर तापून फाटेल. तिथे पुन्हा भरायचं, पूर्ण. पंप तुला मारता येतो, हे चाकांवरून कळलंच."

चाके पोटाशी रुंदावली. वाळू उपसून झाली. तिने जीप आधी हलकेच मागे घेतली, मग तिरकी वळवून चढणीला लावली. या खेपेला तिने पायाला आवरले. जीप डुलत, कण्हत, पण न थांबता चढून गेली. बाटलीतले पाणी मुलीने घोटाघोटाने प्यायले आणि डांबर दिसायच्या थोडे आधी ते संपले. "आणखी," मुलगी म्हणाली. आईने तिचा हात धरून ठेवला. दुकान समोर दिसत होते.

तरीही रस्ता लागताच, चाक फाटून इथेच अडकू नये म्हणून, ती थांबली आणि उतरून चारही चाके भरली. या वेळी पंप मारताना तिच्या डोक्यात कुणाचेही वाक्य नव्हते. काय बोलायचे ते आता ठरले होते आणि ते फारच थोडे होते.

दुकानापुढे एक गाडी उभी होती. एक तरुण जोडपे, बाईच्या खांद्यावर तान्हे बाळ. त्यांचे पाण्याचे कॅन व्यापारी खाली उतरवत होता. "पाहुण्यानं पाणी आणलं तर आमची अब्रू ती काय…" एवढ्यात त्याने हिला पाहिले.

"ताई, निघतच होतो बघा. सकाळी जरा…"

"सूर्य डोक्यावर आलाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. ती त्या बाईकडे वळली. "काल यांनी आमचं प्यायचं पाणी फोटोसाठी वाळूवर ओतलं. सकाळी आणतो म्हणाले, आणलं नाही. या आजारी मुलीला मी अर्ध्या बाटलीवर इथवर आणलंय. माझे कॅन त्यांच्या दुकानात आहेत, ते बघा." मग व्यापाऱ्याकडे. "त्यातला एक आधी उघडा."

"गुरुजी, तुम्ही तरी सांगा यांना," व्यापारी सरांना म्हणाला. "एवढ्याशा गोष्टीवरून धंदा बुडवायला निघाल्या."

"काल मी बोलायला हवं होतं," सर म्हणाले. "नाही बोललो. आज ती बोलतेय, ऐका."

तिने आणखी एक शब्दही वाढवला नाही. ती तिथेच उभी राहिली, वाट पाहत. तान्ह्याच्या आईने एकदा कोरड्या ओठांनी वाट पाहणाऱ्या त्या मुलीकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. नवऱ्याने उतरवलेले कॅन उचलले आणि पुन्हा आपल्या गाडीत ठेवले. व्यापारी खाली मान घालून आत गेला आणि तिचा कॅन घेऊन आला. मुलगी एका हाताने पेला धरून पीत राहिली.

निघताना आई चाकांभोवती फिरली. एका चाकाची टोपी नव्हती. मुलीने घट्ट मिटलेली मूठ उघडली. टोपी तिच्या घामट तळव्यात होती. आईने ती फिरवून बसवली आणि सवयीने चाकावर अंगठा दाबून पाहिला.

"बरोबर आहे?" सरांनी विचारले.

"हवा रस्त्यापुरती आहे, रागही," ती म्हणाली आणि जीपमध्ये बसली.