मखमली डबी आणि गार डबी

टेबलावरच्या वस्तू एकमेकींशी बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. कीबोर्ड जुन्या हार्ड डिस्कला म्हणाला, "ऐकलंस का? वसुधाताई म्हणत होत्या, तुला उद्या कॉम्प्युटरमधून काढायचं आणि... पुढचं मिक्सरने ऐकूच दिलं नाही."

डिस्क हादरली. घरातले बारशापासूनचे सगळे फोटो तिच्याच पोटात होते.

सकाळी ताईंनी तिला खरंच बाहेर काढलं. डिस्क आत बसवून बाहेरूनच वायरने कॉम्प्युटरला जोडता येते, अशा तिच्या मापाच्या दोन डब्या दुकानातून पसंतीसाठी आणल्या होत्या. प्लास्टिकची, मखमली अस्तराची डबी लाडाने म्हणाली, "ये गं बाई, इथे मऊ आहे." दुसरी, अ‍ॅल्युमिनियमची, नुसतीच गार. डिस्कला मखमल आवडली, ताईंनाही. ताईंनी तिला तीत बसवून वायर जोडली, वर धूळ नको म्हणून विणलेला रुमालही घातला.

घटकाभरात डिस्क इतकी तापली की फोटो उघडेनात. ताईंनी घाबरून रुमाल काढला, डबी बदलली.

"किती गार आहेस गं तू!" डिस्क शहारली.

"म्हणून तर तुझा ताप मला घेता येतो," अ‍ॅल्युमिनियमची डबी म्हणाली आणि स्वतः कोमट झाली. फोटो भराभर उघडले.

"बघ, काढलं की नाही तुला?" कीबोर्डने विचारलं.

"काढलं रे," डिस्क हसली, "पण टाकलं नाही. उलट तुझ्या शेजारीच आणून बसवलं."