कस्तुरीनं चोरलेलं दूध

"मग म्हशीनं लाथ का मारली? नेसलो होतो ना मी, बाबा. तुम्ही दाखवलं तसंच. बायकोचं लुगडं, डोक्यावर पदरसुद्धा. तरी मारली."

तकियावरचे फकीर दावलबाबा कडुनिंबाखाली बसून क्रोशाच्या सुईनं टोपी विणत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुठं मारली?"

"मांडीवर."

"म्हणजे नेम चुकला," बाबा म्हणाले.

रेवणशेट पारावर टेकले. टेकताना कळ उठली, ती त्यांनी तोंड वाकडं न करता गिळली. गिऱ्हाइकासमोर तोंड वाकडं करायचं नाही, ही उभ्या जन्माची सवय.

तालुक्याच्या गावातले हे कापडाचे जुने व्यापारी. शाळा चौथीत सुटली, बाकीचं सगळं गल्ल्यावर बसून शिकले. डोळे मिटून नुसत्या बोटानं सांगायचे, हे सूत कुठल्या मागावरचं, धुतल्यावर किती आटेल. पुढं दुकान मुलाच्या हाती दिलं, मळ्यात घर बांधलं आणि नवरा-बायको तिकडं राहायला आले.

मळ्यात शेटांनी गुलाब लावले. प्रत्येक झाडाला पत्र्याची पाटी, पाटीवर रंगानं नाव. निलव्वानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एक लहानशी वगार आणली, जिवापाड वाढवली आणि तिची म्हैस झाली तेव्हा नाव ठेवलं कस्तुरी. गुलाब बघायला पाहुणे यायचे. म्हैस बघायला कोणी येत नसे.

"माझा छंद आहे," शेट पाहुण्यांना सांगायचे, "आणि तिचं आपलं शेणकूट."

निलव्वा चहा ठेवायला आत जायची.

मग हुबळीला लेकीच्या बाळंतपणाची दुसरी खेप आली आणि निलव्वाला जाणं भाग पडलं. म्हशीपायी तिचा पाय निघेना. शेटांनीच तिला एस.टी.त बसवलं.

"निर्धास्त जा. लग्नसराईत गावंच्या गावं सांभाळलीत मी, एका जनावराचं काय घेऊन बसलीस? शब्द देतो तुला."

निलव्वा खिडकीतून एवढंच म्हणाली, "सुई टोचू नका तिला. आणि आटवू नका."

तेव्हापासून कस्तुरी दूध चोरत होती. रेडकाला पाजायची. शेट बादली घेऊन बसले की कास अशी आवरून घ्यायची, जणू दुकानाची फळी लावली. गावात सुई टोचून पान्हा सोडवणारा एक जण होता. तो दोनदा येऊन चहा पिऊन गेला. शेटांनी त्याला गोठ्याकडं फिरकू दिलं नाही.

पण धार रोज कमी होत होती. निलव्वा परत येईपर्यंत म्हैस आटली, तर ती बाई पुन्हा घराबाहेर पाऊल टाकायची नाही. लेक बोलावू दे, नाहीतर नातवंड. शेटांचा शब्द बाजारात कधी पडला नव्हता. आता तो गोठ्यात पडायच्या बेताला आला होता.

म्हणून आदल्या दिवशी ते तकियावर आले होते. बाबांच्या चार शेळ्या, मोगऱ्याचा वाफा, कोंबड्यांचं खुराडं. जनावर कळणारा माणूस असा त्यांचा लौकिक. बाबांनी काही न बोलता आपली हिरवी चादर शेटांच्या डोक्यावरून टाकली आणि जीभ टाळ्याला लावून आवाज केला. शेळी आली आणि शेटांचा हात चाटू लागली. बाबांनी चादर ओढून घेतली. शेळी दोन पावलं मागं सरली.

"कळलं!" शेट उठलेच. "कपड्याची गोष्ट आहे. मग तर ही माझ्याच धंद्यातली."

आणि आज मांडीवर खुराचा ठसा घेऊन ते परत आले होते.

"कुठलं नेसलास?" बाबांनी विचारलं.

"पेटीतलं सगळ्यात भारी. इरकल, टोपपदरी. मीच निवडलं होतं तिच्यासाठी. घडीसुद्धा मोडलेली नव्हती, बाबा. असा माल आता..."

"ते नेसून ती शेण काढते?"

शेटांचा हात मांडीवरच्या ठशाकडं गेला.

बाबांची सुई चालत होती.

"मग शेण काढताना कुठलं नेसते?"

"ते... हिरवं असावं." शेटांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हिरवंच. नाही, थांबा... विटकरी. काठ..."

काठ काही आठवेना. परक्या बायकांच्या अंगावरचं लुगडं बघून कोणत्या दुकानातून घेतलं ते सांगणारा माणूस... पारावरच्या मुंग्या बघत राहिला.

"शेट," बाबा म्हणाले, "म्हशीला विचार. तिला माहीत असेल."

त्या संध्याकाळी शेटांना ते लुगडं सापडलं. गोठ्याच्या दारामागं खुंटीला अडकवलेलं. रंग उडून उडून असा झालेला की त्याला नाव द्यायला शेटांच्या दुकानात कापड नव्हतं. काठाला दोन ठिगळं, पण ठिगळाचे टाके इतके बारीक की त्यांनी बोट फिरवलं तरी लागेनात. म्हशीच्या आंबोणाचा, शेणाचा आणि थोडा खोबरेलाचा वास.

पाहुणे येण्याची वेळ नव्हती. तरी शेटांनी रस्त्याकडं नजर टाकली. मग लुगडं नेसून, बादली घेऊन आत गेले.

कस्तुरीनं पदर हुंगला. लांब सुस्कारा टाकला. पाय हलवला नाही.

शेट खूश. सड धरले...

दूध नाही.

ते घाई न करता बसून राहिले. कस्तुरी मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिली. अंधारून आलं तेव्हा दोघंही कंटाळले.

"उभी राहते," दुसऱ्या दिवशी शेट बाबांना म्हणाले. "लाथ नाही, शिंग नाही. नुसती बघते. कान असे माझ्याकडं करून. काय पाहिजे काय तिला?"

"दुकानात माल उलगडून दाखवलास आणि तोंड मिटून बसलास, असं कधी केलंस?"

"छे. मी तर बोलून बोलून..." शेट हसले. "एकदा एका गिऱ्हाइकाला धोतर घ्यायचं होतं, मी बोलत बोलत त्याला साऱ्या वऱ्हाडाचा आहेर..."

बाबांनी सुई थांबवली. शेटांनीही गोष्ट थांबवली.

"म्हणजे म्हशीशी बोलू?"

"कान तिनं केलेत. मी नाही."

"काय बोलू पण?"

"निलव्वा बोलते ते."

"काय बोलते ती?"

"मला विचारतोस?"

शेटांनी खिशातला मोबाईल काढला, हातात फिरवला, परत खिशात घातला.

"विचारलं तर तिला कळेल, मला जमलं नाही."

"आणि म्हैस आटली की?"

एक कोंबडी शेटांच्या चपलेवरून चालत गेली. त्यांनी मोबाईल पुन्हा बाहेर काढला.

"हां, निलव्वा? मी."

"जेवलात?"

"जेवलो. बाळ बरं आहे?"

"बरं आहे. आवाज असा का येतोय?"

"कसा? बरा आहे आवाज. हे बघ... तू धार काढताना कस्तुरीशी काय बोलतेस?"

पलीकडं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"चोरती होय?"

"थोडी."

"सुई टोचलीत?"

"नाही. शब्द दिलाय ना."

मग निलव्वा हळू आवाजात म्हणाली, "काही नाही हो विशेष. दिवसभराचं सांगते आपलं."

"म्हणजे काय?"

"म्हणजे... गुडघा कुठं धरला. मागच्या मळ्यातली गंगव्वा काय म्हणाली. लेकीची आठवण आली तर तेपण. मनात जे असेल ते."

"हे तू म्हशीला सांगतेस?"

"हो."

"मला कधी सांगितलं नाहीस ते."

पलीकडं बाळ रडायला लागलं. निलव्वानं त्याला थोपटल्याचा आवाज आला. ते गप्प झाल्यावर ती म्हणाली, "ती मधे बोलत नाही." आणि लगेच, "ठेवते हं. दूध उतू जाईल."

शेट मोबाईल कानाला तसाच धरून बसले. बाबांनी टोपीचा एक फेरा पुरा केला, दोरा ओढला, दुसरा सुरू केला.

...

संध्याकाळी शेट खुंटीवरचं लुगडं नेसून कस्तुरीपाशी बसले आणि बोलायला लागले.

सुरुवात सवयीप्रमाणं झाली. पेठेत पहिलं काचेचं कपाट कोणी लावलं ते सांगितलं. मुंबईच्या दलालाला कसा घोळात घेतला ते सांगितलं. ही गोष्ट ऐकून आजवर कोणी हसल्याशिवाय राहिलं नव्हतं. कस्तुरीनं शेपटी उचलून त्यांच्या तोंडावर मारली.

मग सांगण्यासारखं काही उरलं नाही.

गोठ्यात रेडकाच्या श्वासाचा आवाज होता. शेटांनी डोकं कस्तुरीच्या कुशीला टेकवलं, निलव्वा टेकवते तसं. निदान टेकवत असावी.

"साखरेचा डबा सापडत नाही," ते म्हणाले. "कुठं ठेवते कोण जाणे. गूळ घालून चहा करतो, तो फाटतो. तसाच पितो."

कस्तुरीचा कान हलला.

"पांढऱ्या गुलाबाला आज वाटीएवढं फूल आलं. दाखवायला कोणी नव्हतं. पाहुणे आले असते तर दाखवलं असतं, पण... तिला दाखवायचं होतं. आजवर तिला कधी दाखवलं नाही मी. ती चहाच करत असते."

बोलताना आवाज घोगरा झाला. गिऱ्हाइकासमोर असा आवाज काढायचा नसतो. पण इथं गिऱ्हाईक कोण होतं?

"तिचा गुडघा दुखतो हे मला माहीत नव्हतं," शेट म्हणाले.

आणि बादलीच्या बुडावर पहिली धार वाजली.

त्या आवाजानं शेट इतके चकित झाले की बोलायचे थांबले. धारही थांबली. ते घाईनं पुन्हा बोलू लागले. लेकीच्या लग्नात आपण मांडवामागं जाऊन रडलो होतो, हे सांगितलं. ते कोणालाच माहीत नव्हतं. बादली फेसानं भरत आली तरी त्यांचं सांगणं संपेना. हात थांबले तरी ते बसूनच होते. कस्तुरी रवंथ करत होती.

सकाळी ते तांब्याभर दूध घेऊन तकियावर आले. चाल पहिल्यासारखी, छाती पुढं.

"घ्या बाबा. कस्तुरीचं."

बाबांनी टोपी बाजूला ठेवली, तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि अर्धा पिऊन मिशा पुसल्या.

"गोड आहे."

"आता आटायची नाही," शेट म्हणाले. "पक्की गोष्ट. निलव्वाला म्हशीवर हात फिरवून बघू दे, काही कमी सापडायचं नाही. शब्द पाळला मी."

"पाळलास."

"आणि युक्ती कळली, बाबा. इतकी वर्षं धंदा केला, पण ही नव्हती कळली. ऐकणारा पाहिजे, की आपोआप सगळं मोकळं होतं." शेट पारावर जरा पुढं सरकले. "आता ती आली ना, की तिच्याजवळही रोज संध्याकाळी असाच बसणार. बघा तुम्ही, तीही बोलायला लागेल. का नाही लागणार? म्हैस लागली मार्गाला, तर..."

बाबांनी उरलेलं दूध शेळीच्या करडापुढं ठेवलं. करडानं तांब्यात तोंड घातलं. बाबा त्याच्या पाठीवर हात ठेवून बसले... करडाचं पिऊन होईपर्यंत.

मग रिकामा तांब्या उपरण्यानं पुसून त्यांनी शेटांच्या हातात दिला.

"बस तिच्याजवळ," बाबा म्हणाले. "फक्त बादली घेऊन बसू नकोस."