वजनाचा वाद

प्लॅस्टिकच्या सांगाड्याची पिस्तुलं नुकती आली होती, तेव्हाची गोष्ट. पोलिसांच्या शस्त्रागारात एक पोलादी आणि एक नवं पिस्तूल शेजारी राहत. एकच नोकरीत राहणार होतं, दुसरं भट्टीत वितळणार होतं.

"काका, तुमच्या ओझ्यानं साहेबांची कंबर धरते," नवं म्हणालं.

"ओझं आहे म्हणून नेम हलत नाही, खेळण्या!"

त्या दुपारी गावात मोर्चा निघाला. साहेबांनी नवं पिस्तूल नेलं. तासाभरात ते परत आलं, नळी अजून गरम होती.

"गोळी सुटताना साहेबांचा हात किती उडाला?" पोलादी पिस्तुलानं धास्तावून विचारलं.

"जरासाच. नेमही अचूक."

"मग मी संपलो!" म्हातारं रडू लागलं.

कपाटाच्या कुलपानं विचारलं, "अरे, पण गोळी लागली कोणाला?"

"ते आपल्याला काय करायचंय?" दोघंही एकदम खेकसली.